अप्पांनी बघितलेली गाडी

अप्पांना गाडीत बसवलं की ते खिडकीबाहेर बघतच नसत, डॅशबोर्डकडे बघत. रोषणाई दाखवायला न्यावं, तर हे विचारणार, "काटा नेहमी इथेच असतो का रे?" मला चीड यायची. पुण्यात एका कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म गेलेला हा माणूस बायको गेल्यावर मुलाकडे, संदीपकडे, सिंगापुरात क्लेमेंटीला येऊन राहिला होता. संदीप बँकेत, सून ऑफिसात आणि अप्पा दिवसभर दहाव्या मजल्यावर टीव्हीसमोर.

मग आम्हा मराठी मंडळींना त्यांचा शोध लागला. तिथे गाडीचा परवाना दहा वर्षांचा; तेवढी व्हायला आली की ती बहुधा भंगारातच जायची, म्हणून कुणी तिच्यावर धड खर्च करत नाही. अशा सगळ्या म्हाताऱ्या गाड्या रविवारी सकाळी अप्पांपुढे उभ्या राहायच्या. गाडीवाला तक्रार सांगू लागला की ते हात वर करून म्हणायचे, "थांब. आधी माझं मीटर लावू, मग तुझं ऐकू." जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं ते ऑइल प्रेशरचं मीटर त्यांनी पुण्याहून आणलं होतं. कार पार्कमध्ये वडिलांचे काळे हात बघून संदीपला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "एक जरी तक्रार आली ना बाबा, तर हे बंद," असं त्याने बजावलं होतं. अप्पांच्या आठवड्यात तेवढा एकच दिवस होता.

माझ्या गाडीचा ऑइल प्रेशरचा काटा विचित्र वागायचा. उभी असताना ठीक, आणि वेग घेतला की खाली. अप्पांनी स्वतःचं मीटर लावलं, मला ॲक्सिलरेटर दाबायला लावला. त्यांच्याही मीटरवर तेच. "वेगाबरोबर काटा चढायला हवा, तुझा उतरतोय. पंपाला तेल पोचत नाही. खाली तेलाच्या चेंबरमधली जाळी चोंदलीय. चेंबर उघडून घे, आणि तोवर लांब जाऊ नकोस."

"हो हो अप्पा," म्हटलं. पुढच्याच आठवड्यात बायकोला, मेधाला, आणि मुलीला घेऊन सीमेपलीकडे मलाक्काला जायचं ठरलं होतं, हॉटेल घेतलेलं होतं. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, जाड तेल घाल. घातलं. गावातल्या गावात काटा छान उभा राहिला. म्हाताऱ्याला राईचा पर्वत करायची हौस आहे, असं मनाशी म्हणालो.

हायवेवर काटा पार तळाला गेला. मेधाने विचारलं, "हे काय?"

"काटाच खराब आहे गं."

"अप्पांना दाखवली होतीस ना?"

"दाखवली होती." एवढंच बोललो. खोटं काहीच नव्हतं त्यात. अर्ध्या तासात इंजिन जाम झालं आणि लेकीला घेऊन आम्ही भर उन्हात तीन तास रस्त्याच्या कडेला बसलो.

दुसऱ्या दिवशी संदीप आणि अप्पा आमच्या घरी आले. मेधा तापलेलीच होती. "अप्पा, तुम्ही बघितली होतीत ना गाडी?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मी चहा ढवळत बसलो.

"हो, मीच बघितली होती," अप्पा म्हणाले.

संदीपने त्याच संध्याकाळी मीटर आणि हत्यारं भंगारवाल्याला देऊन टाकली. रविवार बंद झाले. महिन्याभरात अप्पा म्हणाले, मी आपला पुण्यालाच बरा. तोवर वर्कशॉपने माझं इंजिन उघडलं होतं. जाळी गाळाने गच्च भरलेली होती. मी ते कुणालाही सांगितलं नाही, मेधालासुद्धा.

चांगी विमानतळावर त्यांना सोडायला गेलो. लाजेची गोष्ट अशी की हौसेने गेलो. संदीप सामानाच्या रांगेत असताना अप्पांनी मला हळूच विचारलं, "जाळीच होती ना?"

"हो."

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा क्षणभर खुलला. मला एक शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी पुण्यात ते गेले. संदीपकडे भेटायला आम्ही सगळे जमलो. बोलता बोलता तो म्हणाला, "बाबांना हौस फार होती, पण गाड्यांतलं शेवटी काही कळत नव्हतं त्यांना." दोघांतिघांनी माझ्याकडे बघितलं. गाडी माझीच गेली होती ना.

"वय झालं होतं रे त्यांचं," मी म्हणालो.