बंधारा गेला, फलक राहिला

बंधारा वाहून गेला, मग त्याच्या शेजारचा योजनेचा फलक उभा कसा राहिला? हे मी कचेरीत तीनदा विचारलं. एकाने उलट चहा विचारला!

सातवीत शाळा सोडून मी मोठ्या भावाच्या, दादाच्या, हाताखाली मिक्सरवर लागलो. दादा आमच्या गँगचा मिस्तरी. बांधकामावरचे किस्से रेतीसारखे. कपडे झटकले तरी घरी येतातच.

*

हल्ली आमच्याकडे पाऊस महिनाभर दडी मारतो आणि एका दुपारी सगळा कोसळतो. म्हणून नाल्यावर बंधारा मंजूर झाला. ठेकेदार नाना. सिमेंटच्या दोन गाड्या आल्या. एक नानांच्या नवीन पोल्ट्री शेडकडे वळली.

दादा म्हणाला, "नाना, पूर नालाले येस, कोंबड्यास्ले नही!"

नाना हसले. गाडी काही परत आली नाही.

*

काठावर झाडंही लावायची होती. नानांनी कडुलिंबाची रोपं आणली. या काठावर लावली, फोटो. उपटली, त्या काठावर लावली, फोटो. मग शेजारच्या गावी निघाली. टेम्पोत चढवताना आमच्या गँगमधला सुका म्हणाला, "नाना, आते झाडेस्नं तिकीट काढा!"

*

त्या दिवशी आमच्याकडे ऊन होतं. पाऊस वर डोंगरात पडला होता. नाल्याला अचानक पाणी आलं, बंधाऱ्याला चीर पडली. खाली तिघी बाया कपडे धूत होत्या. दादा मला म्हणाला, "तू आठेच थांब," आणि बंधाऱ्यावरून ओरडत पळाला. बाया वर आल्या. दादा नाही आला.

मी तिथेच थांबलो होतो. त्याचाच अजून राग येतो.

*

कचेरीतले साहेब पाहणीला आले. म्हणाले, "काय करणार? हवामान बदललंय."

सुका म्हणाला, "हवामान बदलनं ते बदलनं साहेब, पन मालनं माप कोनी बदलं?"

साहेबांनी गाडीची काच वर केली.

*

यंदा त्याच जागी नवीन बंधारा. ठेकेदार तेच नाना! गँग म्हणाली, काम नको. मी म्हटलं, करायचं.

ओतकाम चालू असताना त्याच मालाचे तीन ठोकळे साच्यात भरून प्रयोगशाळेत पाठवायचे असतात. तिथे ते दाबून बघतात. ठरलेल्या दाबाआधीच फुटले तर काम बंद. म्हणून नाना ठोकळ्यांसाठी भरपूर सिमेंटचा माल वेगळा करवून घेतात. मागच्या वेळी तो दादाने भरला होता. मी ते लपवत नाही.

नानांनी वेगळं घमेलं माझ्यापुढे ठेवलं. "तुन्हा भाऊना हात साफ व्हता. भर."

नाना जेवायला गेले. मी ते घमेलं बंधाऱ्यात ओतलं. मिक्सरमधून बंधाऱ्यात पडत होता तोच कमी सिमेंटचा माल साच्यांत भरला, ठासून, काठोकाठ. ठोकळ्यावर खिळ्याने तारीख कोरतात. तिच्याखाली मी दादाचं नाव कोरलं. मग ठरलेले दिवस भरेपर्यंत ठोकळे पाण्यात मुरवले, गोणपाटात गुंडाळले, मोटारसायकलला बांधले आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवले.