वारामावशीचं शीड

वारामावशीच्या आवाजानं परळच्या नाक्यावरचा सिग्नल हिरवा व्हायचा, असं मी सांगू लागलो की बायको म्हणते, "आता पुरे." पण मी कमीच सांगतोय. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, मुलांच्या फुप्फुसांची तपासणी व्हायची त्या खोलीत ती "फुंक गो बाय, फुंक!" असं ओरडली, की बाहेर बाकावरचे आम्ही बापेसुद्धा गाल फुगवून फुंकायचो.

ती माहीमच्या कोळीवाड्यातली, तिथलं तपासणीचं मशीन चालवणारी. मशीनच्या पडद्यावर मुलांना विझवायला मेणबत्त्या दिसत. मावशीला ते मुळीच पटत नसे. "पोरांना विझवायला काय शिकवता?" म्हणत तिनं पडद्याच्या कडेला कागदाची होडी चिकटवली होती. "डोळे मीट. पाणी दिसतं? आता शीड फुगव." मग हुंगायच्या औषधाच्या पांढऱ्या धुक्यात खोली हळूच किनाऱ्यापासून सुटायची. खिडकीबाहेर टॉवरांच्या मधून डोलकाठ्या सरकताना मी स्वतः पाहिल्यात. शपथेवर सांगतो.

आमची चिमी सातव्या महिन्यातच जन्मलेली. "केवढी होती?" मावशीनं विचारलं होतं. "तळहातावर मावेल एवढी." "म्हणजे पापलेट! नाजूक दिसतं, पन पळतं बघा कसं."

नवव्या वर्षी पापलेट शाळेच्या खो-खो संघात निवडलं गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी तपासणी. लवकर जन्मलेल्या काही मुलांच्या श्वासनळ्या चिडक्या असतात. त्या किती चिडतात ते बघायचं. चिडवणारं औषध थोडंथोडं वाढवत हुंगवायचं, दर वेळी जोरात फुंकायला लावायचं, आणि फुंकेचा जोर किती घटतो ते मशीननं सांगायचं. श्वासनळ्या मोकळ्या करणारा तिचा पंप आदल्या दिवसापासून बंद.

चिमीनं संघाचा टी-शर्ट उशीखाली घेऊन झोपायला सुरुवात केली होती. आणि परीक्षेला निघताना हातावर दही-साखर ठेवायची आमच्या लालबागच्या चाळीतली रीत. त्या सकाळी मी दही-साखर ठेवली आणि वर गुपचूप पंपाचे दोन फवारेही दिले.

चिमी फुंकत गेली, पडद्यावरची रेघ तसूभर खाली येईना. मी मिशीत हसलो. मावशीनं रेघ पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"काय ओ बाबा, पंप किती वाजता दिला?"

"कसला पंप?"

तिनं मशीनच बंद केलं. पहिल्यांदाच हळू बोलली. "इथं मी छातीला चिडवते आनि मीच शांत करते. मैदानात पोरीचा दम अडकला, तर मी असेन तिथं? तुमी पोरीला नाय, तिच्या आजाराला पास केलंत."

आठवड्यानं पुन्हा गेलो, नुसत्या दही-साखरेवर. तिसऱ्या टप्प्याला फुंक कोसळली. चिमीची छाती शिटी वाजवू लागली. मावशीनं लगेच पंप दिला, पाठीवर हात ठेवला. "किनारा आला गो. आला बघ." रेघ पुन्हा चढेपर्यंत मी धुक्याचं निमित्त करून डोळे पुसत होतो. डॉक्टरीणबाईंनी रोजचं औषध लिहिलं, खेळाआधीचा पंप लिहिला, आणि खाली लिहिलं: खेळू द्या.

गेल्या वर्षी मावशी निवृत्त झाली. आता त्या पडद्यावर नुसत्या मेणबत्त्या आहेत.

परवा दादरला सामना होता. विश्रांतीत चिमी खांबाला टेकली, डोळे मिटले आणि ओठ गोल करून लांब श्वास सोडला. मी पंप घेऊन धावलो. "दम लागला?"

"थांब ना बाबा," ती डोळे न उघडता म्हणाली, "शीड फुगवतेय."

तेवढ्यात मैदानातली लाल माती पाण्यासारखी हलली आणि खांब डोलकाठीसारखा किंचित कलला. बायको शेजारीच उभी होती. या वेळी ती "पुरे" म्हणाली नाही.