रसूलभाईंचा एक प्रश्न

तुळजापूर तालुक्यातल्या त्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर येत नि बदलून जात. रसूल कंपाउंडर मात्र निजामाच्या अमदानीपासून तिथंच. ऑपरेशनच्या वेळी रोग्याच्या नाकावर जाळी धरून क्लोरोफॉर्मचे थेंब सोडायचं काम त्यांचं. हात असा बसलेला, की नवे डॉक्टरसुद्धा त्यांना रसूलभाई म्हणत. पण लठ्ठ माणूस टेबलावर आला की हा गडी बाटली उघडण्याआधी थांबायचाच. भूमचा एक जाडजूड व्यापारी असाच आडवा निजवला, तो उठलाच नाही. हृदय कमजोर होतं, असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले. कसलं हृदय! गळ्याची चरबी नि पोटाचं ओझं श्वास कसा कोंडतं, ते रसूलभाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून प्रत्येक जाड रोग्याला ते एकच विचारत, घरी आडवं झोपता येतं का?

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात अणदूरच्या सिद्धम्माला बैलगाडीतून आणलं. बेंबीच्या हर्नियात आतडं अडकलेलं, ओकाऱ्या थांबेनात. उतरवताना चार गड्यांचा दम निघाला. विष्णुपंत डॉक्टर तरुण, पण हुशार. सोलापूर गाठेपर्यंत बाई टिकायची नाही, इथंच उघडावं लागेल, असं ते म्हणाले.

पण भूल कुठली द्यायची? पाठीत सुई देऊन छातीखालचं अंग बधिर करावं म्हणून तीनदा टोचलं. त्या चरबीत मणक्याचा ठावच लागेना. ईथर महिनाभर आलेलं नव्हतं. उरला क्लोरोफॉर्म, नाहीतर बाईला टेकवून बसवायचं, पोट जागच्या जागी सुन्न करायचं आणि ती जागी असतानाच कापायचं. रसूलभाईंचा कल या दुसऱ्या वाटेकडं. डॉक्टरांना धास्ती, की बाई हलली तर आतडं फाटेल.

"घरी नीट झोपत असेल तर क्लोरोफॉर्मच," विष्णुपंत म्हणाले. "तुमचा तो प्रश्न विचारून या."

सिद्धम्मा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. तिला बोलवेना, म्हणून मुलानं, शरणबसप्पानं, उत्तर दिलं.

"आव्वा झोपती कुठं? रातभर शिवनाम घेत बसती. गावात कुणालाबी विचारा."

किती अभिमानानं बोलला तो! त्याच्या मागं उभ्या सुनेनं, शांतम्मानं, एकदा मान वर केली नि पुन्हा खाली घातली. रसूलभाईंच्या मनात पाल चुकचुकली. बाई जपासाठी बसते, की आडवं होता येत नाही म्हणून? प्रश्न अगदी जिभेवर आला होता. पण निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला नऊच वर्षं झाली होती, आणि दुसऱ्याच्या देवधर्माविषयी बोलताना रसूलभाई जीभ आवरून असत. कुणाच्या आईच्या जपावर, तेही मुलासमोर, आपण मुसलमान माणसानं शंका घ्यायची? ते आत गेले नि झोपेची काही तक्रार नाही, असं सांगून मोकळे झाले.

सिद्धम्माला उताणं निजवलं. रसूलभाईंनी थेंब सोडायला सुरुवात केली. ती घोरू लागली, मग घोरणं मध्येच तुटलं. पोट वरखाली होत होतं, पण नाकाशी वारा नव्हता. ओठ जांभळे पडले. रसूलभाईंनी जाळी फेकली, जबडा उचलला, जीभ ओढून धरली, बाईला उठवून बसवायला माणसं बोलावली. श्वास परत यावा म्हणून विष्णुपंत घामानं निथळत छाती दाबत राहिले. पोटाला सुरी लागायच्या आधीच सगळं आटोपलं.

शरणबसप्पानं हात जोडले. देवाची इच्छा, म्हणाला. कुणाला बोल लावला नाही.

रसूलभाई मागच्या हौदावर हात धूत होते. शांतम्मा तिथं आली.

"जप न्हवता ओ तो. आडवं पडलं की जीव गुदमरायचा त्यांचा. म्या रातभर पाठीला तक्के लावत हुते. कुणाला सांगू नको म्हनल्या हुत्या. तवा म्या बोलले असते, तर वाचल्या असत्या का?"

रसूलभाईंनी ओले हात सदऱ्याला पुसले. बोलायचं तिचं राहिलं होतं, तसं विचारायचं त्यांचंही राहिलं होतं, आणि हे त्या पोरीला कुठं ठाऊक होतं?

"न्हाय बेटी," ते म्हणाले. "काय बी फरक पडला नसता."

शांतम्मा ढसाढसा रडली. मग वाकून तिनं त्यांचे पाय धरले, आणि रसूलभाईंना ते मागं घ्यायचंही धाडस झालं नाही.