आम्ही सगळे मिळून एक मशीन

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चार वर्षं काढली की असे किस्से आपोआप साठतात. आमचे बहुतेक सगळे एकट्या देशपांडेसरांच्या नावावर आहेत.

सर गणित शिकवायचे. डोकं अक्षरं आणि शब्द कसे ओळखतं, याचं मॉडेल त्यांनी कागदावर मांडलं होतं. ते चालवून बघायला कॉम्प्युटर हवा, आणि तो मुंबईला. प्राचार्य रजा देईनात. "आधी इथं काहीतरी चालवून दाखवा," म्हणाले. मग काय, सरांनी आम्हालाच मशीन केलं! पुढच्या बाकावर बसलेला प्रत्येकजण एक अक्षर, मागच्या बाकावरचा एक शब्द. सर शब्द लिहिलेलं कार्ड धरणार; त्यावर आपलं अक्षर जितकं दिसेल, तितका हात वर. शब्दांनी कार्ड बघायचंच नाही. पुढचे आपल्या अक्षरांचे हात बघून आपला वर करायचा आणि शेजारच्याचा खाली दाबायचा. ज्याचा हात शेवटी वर राहील, तो शब्द मशीननं वाचला.

*

कार्डं नवी पेठेतल्या पेंटरनं रंगवली. अक्षरं झकास काढली. सर म्हणाले, "आता यातलं मधलं अक्षर अर्धं पुसा. तरीही मशीननं शब्द ओळखायला हवा."

पेंटरनं ब्रश खाली ठेवला. "पुसाया दुसरा बघा सर. हितं खाली माझं नाव हाय."

शेवटी शाई सरांनीच सांडली.

*

जोशीबाई म्हणजे 'र'. त्यांचा खांदा धरलेला, हात कानाच्या वर जाईना. त्यामुळं 'र' कितीही ठळक असला तरी मशीनला शंकाच. सरांनी विचार करून बाईंना टेबलावर बसवलं.

"अहो सर, खिडकीतून मुलं बघतायत."

"बघू देत. तुम्ही आता अक्षर आहात."

*

हेडक्लार्क अण्णाराव 'भाकर' होते. कार्ड होतं 'चादर'चं. 'भा'चा हात मांडीवर, तरी अण्णारावांचा वर.

"अण्णाराव, कशाच्या जोरावर?"

"साडेबारा वाजल्यात की सर."

*

शेवटी प्राचार्य बघायला आले. सरांची मुंबई त्या एका तासावर होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. अण्णाराव नेमके करमाळ्याला गेलेले. प्राचार्य म्हणाले, "मी बसतो की त्यांच्या जागी," आणि 'भाकर' होऊन माझ्या शेजारी बसले.

कार्ड 'चादर'. 'चा' वर, 'द' अर्धा, जोशीबाई टेबलावरून वर. मी 'चादर', माझाही हात वर. पण प्राचार्यांनी नुसत्या 'र'वर आपला हात ताठ उभा केला. तो दाबायचं काम माझं, आणि माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. दोन्ही हात तसेच उभे, मशीन अडकलं. सरांचा चेहरा पार उतरला. मला ते बघवेना. डोळे मिटले, प्राचार्यांचं मनगट धरलं आणि दाबलं खाली.

प्राचार्यांनी मनगट चोळलं, सरांचा रजेचा अर्ज मागवला आणि सही केली.

"जाऊन या मुंबईला," ते म्हणाले. "फक्त एवढं बघून या. त्या मशीनमध्ये प्राचार्याला कुठं बसवतात?"