शालनआक्कांची छत्री

शालनआक्कांच्या हातात बारा महिने छत्री असायची आणि ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला तर त्या ओढणी डोक्यावर घेत. छत्री पाय मोजायला होती. चाकांच्या बुटांवर एका पायाने घसरत जायचं आणि दुसरा पाय मागे, कमरेच्या वर ताणून धरायचा, याला स्केटिंगमध्ये स्पायरल म्हणतात. पाय कमरेखाली आला की स्पायरल बाद. म्हणून आक्का स्वतः बूट चढवून आमच्या बरोबरीने घसरायच्या आणि मिटलेली छत्री आमच्या उचललेल्या पायाखाली आडवी धरायच्या. पाय छत्रीला टेकला की म्हणायच्या, "उतरलं गं विमान."

बेळगावात आमच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने भरलेल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. मॅडम म्हटलेलं त्यांना आवडत नसे. मी उचगावहून बसने शाळेला यायचे. खो-खो खेळताना मी खांबाजवळ एका पायावर वळते हे त्यांनी पाहिलं आणि मला शाळेमागच्या सिमेंटच्या रिंकवर नेलं. स्पायरलची इंग्रजी नावं आमच्या तोंडात बसेनात, तेव्हा त्यांनी आपली नावं ठेवली. पाय मागे सरळ, तो बगळा. अंग खाली वाकवून पाय थेट आभाळाकडे, तो अडकित्ता. मागचा पाय दोन्ही हातांनी ओढून डोक्यावर धरायचा, ती घागर. कुणी डगमगली की त्या ओरडायच्या, "घागर हिंदकळाय लागली बघ."

बगळा मला लवकर जमला. लाज मात्र जाईना. आमच्या घरात देवाकडे किंवा मोठ्यांकडे पाय करून कुणी बसत नाही. चुकून पाय लागला तर त्या माणसाला हात लावून तो हात छातीला आणि कपाळाला लावायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. आणि इथे मी घट्ट पँट घालून चारचौघांत पाय वर करत होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, मार्केटला भाजी घालून संध्याकाळी मला न्यायला येत. ते कठड्याशी उभे राहत. माझा पाय वर गेला की ते मान वळवून फाटकाकडे बघत, जणू तिकडून कुणी येणार आहे. त्यांना माझी लाज वाटते, असं मी धरून चालले होते. परत जाताना गाडीवर आम्ही बटाट्याविषयी बोलायचो.

आप्पांना माझी लाज वाटते, हे मी एकदा आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाय तुझाच हाय न्हवं? मग चोरून आणल्यावानी का उचलतीस?"

जिल्ह्याच्या स्पर्धेत निवड झाली असती तर मी राज्यपातळीवर गेले असते. संयोजकांनी कौतुकाने पालकांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. आप्पांची खुर्ची नेमकी देवीच्या फोटोशेजारी होती. पुढच्या रांगेत बसून त्यांना मान वळवता येईना. मी बगळा घेतला, वळणावर आले, आणि माझ्या ध्यानात आलं की पाय सरळ देवीकडे आणि आप्पांकडे आहे. पाय खाली आला. तेवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. पण घसरता घसरताच माझा हात आपोआप छातीला गेला आणि मग कपाळाला. लोक हसले. परीक्षकांनी कानडीत आक्कांना विचारलं, हा नमस्कार तुम्ही बसवलेला आहे का? आक्कांनी कानडीतच सांगितलं, "नाही. तिथं तिचे वडील बसलेत."

निवड गेली. त्या दिवशी गाडीवर आम्ही बटाट्याविषयीसुद्धा बोललो नाही.

नंतरच्या सरावाला आक्कांनी आप्पांना कठड्याच्या आत बोलावलं.

"अण्णा, रोज तिकडं काय बघतायसा? कोण पाव्हणं येणार हायत काय?"

"न्हाय, आपलं उगंच."

"मग आज हिकडं बघा."

छत्री त्यांनी माझ्या हातात दिली. मला कळेना. मग त्या स्वतः निघाल्या, हात पसरले आणि पाय मागे उचलला. मी छत्री धरून शेजारून घसरत होते. त्यांचा गुडघा थरथरत होता. ओढणी सुटली. पाय लगेच छत्रीला टेकला.

"लागला काय गं?"

मी आप्पांकडे बघितलं.

"सांग की त्यांना."

"लागला, आक्का."

त्या कठडा धरून थांबल्या. त्यांचे कान लाल झाले होते. आक्कांनासुद्धा लाज वाटते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बघा अण्णा," त्या धापा टाकत म्हणाल्या, "एवढी वर्सं झाली, मला अजून लाज वाटती. ती जाईस्तवर मी थांबली असती तर माझा पाय कवाच वर झाला नसता."

आप्पांनी आपल्या वहाणांकडे बघितलं. मग म्हणाले, "मी बघितलं तर पोरगी लाजंल, म्हणून तोंड फिरवतोय मी."

"आन ती म्हणती, तुमास्नीच तिची लाज वाटती. कुणीतरी एकानं बोला की घरात."

आम्ही तरीही बोललो नाही. तेवढं बोलणं आमच्या घरात कुणाला येत नाही.

निवृत्त झाल्यावर आक्का निपाणीला गेल्या. त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. आम्ही स्टँडवर सोडायला गेलो, तर त्यांनी छत्री आप्पांच्या हातात दिली. "हिच्याकडं देऊ नका. कॉलेजला जाणार आता, पावसात उघडून बसंल."

आता मी कॉलेजात आहे. आमच्या घरातून इथवर आलेली मी पहिलीच. रिंकवर अजून जाते. आक्का निपाणीला गेल्यानंतरच्या पहिल्या सरावाला आप्पा छत्री घेऊन आत आले. मी अगदी सावकाश घसरत होते. ते वहाणा फटफटवत शेजारून चालत होते, छत्री बरोबर कमरेच्या उंचीला, तोंड फाटकाकडे.

"पाय उचललायस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"उचललाय, आप्पा."

"मग छत्रीला लागंना कसा?"

"वर हाय म्हणून."

ते चालायचे थांबले नाहीत. हळूच मान वळवली आणि बघितलं. माझे कान तापले, हात छातीकडे जायला निघाला, तो मी तसाच पसरून धरला. पाय थरथरला. छत्रीला मात्र लागला नाही.