मेंढपाळ घ्यायचे की उडवायचे

“मेंढपाळ काढून टाकू,” निखिल सर व्हिडिओ कॉलवर म्हणाले. “चारऐवजी तीन गट. गेम हलका होईल, आर्टवाल्यांचा वेळ वाचेल.”

मी चिखलीत, ते पुण्यात. मध्ये स्क्रीन. माझा कॅमेरा बंद नसता तर माझा चेहरा बघून त्यांनी विषयच बदलला असता.

मी गेम डिझायनर आहे. चिखलीत हे सांगितलं की लोक विचारतात, “म्हणजे मोबाईल रिपेरिंग का?” नाही. आमच्या कंपनीत स्ट्रॅटेजी गेम बनतात. म्हणजे डोकं लावून राज्य चालवायचं: शेती पिकवायची, सैन्य पोसायचं, शेजाऱ्याशी भांडायचं. एकेकाची पाळी येते, तिला आम्ही टर्न म्हणतो. खेळणारा आपला गट निवडतो आणि सगळे गट साधारण तोडीस तोड असावेत हे बघणं, म्हणजे बॅलन्सिंग, हे माझं काम. एखादा गट फार माजला की त्याला खाली ओढायचं, हे नर्फ. मार खाणाऱ्याला बळ द्यायचं, हे बफ.

या गेममध्ये चार गट होते. किल्लेदार, नदीकाठचे शेतकरी, घोडेस्वार आणि मेंढपाळ. शेवटच्या टर्नला ज्याच्या कोठारात सर्वात जास्त धान्य, तो जिंकला. बाकी तिघांकडे कमी-जास्त शेती होती, मेंढपाळांकडे ना किल्ला, ना जमीन. काठ्या घेतलेली चार माणसं आणि मेंढ्यांचा कळप. पुण्यातल्या टेस्टिंगमध्ये ते दरवेळी सगळ्यांच्या आधी मरायचे. मरण्याआधी खेळणारा कंटाळायचा, ते वेगळंच.

मी त्यांना बफ देऊन पाहिला होता. काठ्यांच्या जागी भाले दिले. मग ते गरीब घोडेस्वार झाले, बिनघोड्यांचे. मी भाले काढून घेतले.

हा गट माझा होता. पहिल्या रेघेपासून मी काढलेला. बाकी तिघांचं बॅलन्सिंग आटोपलं होतं, तो गेला की या गेममधलं माझं कामच संपत होतं, आणि मला ज्या टीममध्ये ढकलणार होते तिथे पत्त्यांचा गेम चालला होता, ज्यात राणीच्या साडीचा रंग कोणता यावर मीटिंग होतात. मला राणीची साडी नको होती. मला माझ्या मेंढ्या हव्या होत्या.

“सर, एक मॅच द्या,” मी म्हणाले. “माझी माणसं, चिखलीची. तुम्हीही खेळा. मेंढपाळ शेवटच्या टर्नपर्यंत जगले तर ठेवायचे.”

“आणि मेले तर?”

“तर मी स्वतः फाईल डिलीट करते.”

सर हसले. “पण शिकवायचं नाही हं कोणाला. मी घोडेस्वार घेणार.”

रविवारी गजाननभाऊंच्या कृषी सेवा केंद्राच्या वरच्या खोलीत आम्ही जमलो. गजाननभाऊ बी-बियाणं विकतात आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर बुद्धिबळ खेळतात. माझा मावसभाऊ संतोष साखरखेर्ड्याहून एसटीने आला. तो कुठलाही खेळ भांडणासाठीच खेळतो. तिसऱ्या मंदावहिनी, माझ्या चुलतभावाची बायको. त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे आणि लुडोमध्ये त्यांना हरवणारा माणूस आमच्या घराण्यात नाही. सर पुण्याहून स्क्रीनवर होते, घोडेस्वार त्यांचे ठरलेलेच. उरलेल्या तीन गटांच्या चिठ्ठ्या टाकल्या. गजाननभाऊंना नदीकाठचे शेतकरी, संतोषला किल्लेदार. मंदावहिनींना मेंढपाळ.

मी ती चिठ्ठी उलटून पुन्हा वाचली.

“हे काय बाई,” वहिनी म्हणाल्या. “ना किल्ला, ना वावर. खेळू तरी काय मी?”

मला बोलायची बंदी. मी पाण्याचे ग्लास भरत बसले.

सुरुवातीला सगळं पुण्यासारखंच झालं. संतोष आणि गजाननभाऊ नदीच्या उतारावरून, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेवरून, भांडायला लागले. सरांचे घोडेस्वार जोरात वाढले. वहिनींच्या मेंढ्या रानात इकडून तिकडे फिरत होत्या.

मग दोन पिकं निघाली आणि गजाननभाऊंचं पीक घटलं. गेममध्ये मी हे ठेवलं होतं: पीक घेत राहिलं की जमिनीचा कस जातो. आणि आणखी एक ठेवलं होतं. दुसऱ्याच्या शेतात मेंढ्या एक टर्न बसल्या तर त्या टर्नला पेरता येत नाही, पण पुढचं पीक जोरात येतं. पुण्यातल्या टेस्टर्सना शेत अडलेलं दिसायचं, ते लगेच सैन्य पाठवून मेंढ्या हाकलायचे.

गजाननभाऊंनी चष्मा वर सरकवला. जमीन पाहिली. मग मेंढ्या पाहिल्या.

“मंदाताई, पेरनीच्या आधी माह्या वावरात बसवता का मेंढ्या?”

“बसवते न. धान्य किती देता?”

मी ग्लास खाली ठेवला. आमच्याकडे उन्हाळ्यात मेंढपाळ येतात, रिकाम्या वावरात मेंढ्या बसवतात, लेंडीखत मिळतं, शेतकरी धान्य देतो. मी ते लहानपणापासून पाहिलं म्हणूनच गेममध्ये टाकलं होतं. आणि या खोलीत कोणाला ते समजावून सांगावं लागलं नाही!

संतोष उसळला. “मले काऊन नाही? माही जमीन काय पाप करून राह्यली?”

“तुमचा नंबर गजाननभाऊच्या मांगून,” वहिनींनी ठणकावलं. “अन् भाव तोच. घासाघीस नाही पाह्यजे.”

पुढच्या काही टर्नमध्ये वहिनींच्या पोत्यांत धान्य साठू लागलं. सर स्क्रीनवर भुवया चढवून बघत होते. त्यांनी तेच केलं जे कोणताही चांगला खेळाडू करेल. सगळ्यात कमजोर गटावर चाल केली. घोडे धुरळा उडवत आले आणि अर्धा कळप एका फटक्यात गेला.

“अरे देवा!” वहिनी ओरडल्या. “हे पुन्याचे साहेब तं लय खराब हायेत!”

उरलेल्या मेंढ्या घेऊन त्या पळाल्या ते थेट संतोषच्या किल्ल्यासमोर. पाठीमागे घोडे. पुढे बंद दरवाजा. आता संपलं, फाईल डिलीट.

संतोषनं दरवाजा उघडला.

“अहो, किल्ल्याचा दरवाजा शत्रूला कोण उघडतं?” सर खरोखर चकित झाले होते.

“शत्रू कोन बे?” संतोष गरजला. “पुढच्या पाळीले त्या माह्या वावरात बसनार हायेत!”

माझ्या बॉसला ‘बे’. मी डोळे मिटून घेतले. स्क्रीनमधून सरांचं मोठं हसणं आलं.

त्यानंतर जे झालं ते मी उभ्यानंच पाहिलं, खुर्चीवर बसवेना. नदीच्या उतारावरून मघापासून एकमेकांना खायला उठलेले दोघं एका बाजूला झाले. संतोष किल्ल्यातून बाहेर पडला, गजाननभाऊंनी मागून होड्या आणल्या. “दाब संतोष, दाब!” “तुमी उतार धरा भाऊ!” घोडेस्वार मध्ये सापडले. तरी सर मोडले नाहीत, निम्मे घोडे त्यांनी सोडवून नेले. पण घोड्यांना धान्य लागतं आणि सरांच्या शेतांचा कस कधीच गेलेला होता. एकदाही तिथे मेंढी बसली नव्हती.

मग सरांचा आवाज आला, एकदम गोड.

“मंदाताई, आमच्या शेतात पाठवाल का मेंढ्या?”

“पाठवते न,” वहिनी म्हणाल्या. “आधी संतोषचं वावर, मंग गजाननभाऊचं, मंग तुमचं. अन् ते घोडे पह्यले मांगं घ्या.”

सरांनी घोडे मागे घेतले. मी टाळ्या वाजवल्या, मला राहवलंच नाही.

गजाननभाऊ जिंकले. संतोष दुसरा, आणि उताराच्या नावानं शिव्या देत. वहिनी तिसऱ्या. सर शेवटचे, त्यांच्या शेतात मेंढ्या बसायची पाळी येण्याआधीच गेम संपला होता.

“मेंढपाळ तरी जिंकले नाहीतच,” सर म्हणाले.

“जिंकायचं ठरलं नव्हतं सर. जगायचं ठरलं होतं.”

“ठरलं होतं,” ते म्हणाले. “ठेवा. आणि पुढच्या रविवारी मेंढपाळ मी घेणार.”

“चिठ्ठीत निंघाले तं!” वहिनी मागून म्हणाल्या.

गेम बाजारात आला. मेंढपाळ कमजोर आहेत, घेण्यात अर्थ आहे का, असा प्रश्न खेळणारे आजही विचारतात. मी त्यांना बफ दिलेला नाही. एखादा गट खेळण्यासारखा आहे का हे त्याच्या ताकदीवरून ठरत नाही, तो मेला तर कोणाचं अडतं यावरून ठरतं, एवढं मी त्या खोलीत शिकले.

अडचण वेगळीच झाली. घोडेस्वार मेले तर कोणाचंच अडत नाही, हे आता सगळ्यांना कळलंय. ते कोणी घेईना. त्यांना बफ द्यायचं काम माझ्याकडे आलंय आणि मला अजून काही सुचलेलं नाही.