सगळं करून पाह्यलं, दादा

शिरपूरचा तो दादा कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होता. सोमवारी त्याची नागपूरला मुलाखत होती आणि तयारीला हातात एक रविवारच होता. हे मला चांगलं माहीत होतं. तरी रविवारी सकाळी मी रिसोडहून त्याला मेसेज टाकला, ‘दादा, प्रोग्राम चालून नाही राह्यला. अर्जंट.’ सोबत स्क्रीनचा तिरपा फोटो.

प्रोग्राम शाळेच्या प्रमाणपत्रांचा. एका फाईलमधून पोरांची नावं उचलायची आणि छापायची, एवढंच. पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येत होती.

त्याचा लगेच फोन. ‘काय काय करून पाह्यलं तू?’

‘सगळं करून पाह्यलं, दादा.’

सगळं म्हणजे काय, तर तोच प्रोग्राम चारदा चालवला आणि मग चहा प्याले. उचलली जीभ, लावली टाळ्याला! हे पाहिलं, हे नाही पाहिलं, असं दोन ओळींत खरं सांगितलं असतं तर दहा मिनिटांत सुटलं असतं. पण शोधायचा कंटाळा, आणि ‘काहीच नाही पाहिलं’ म्हणायला कमीपणा.

त्या भल्या माणसाने माझ्या ‘सगळं’वर विश्वास ठेवला आणि साधं सोडून थेट अवघडात शिरला. माझा प्रोग्राम मागवून घेऊन, स्वतः चार नावं टाइप करून त्याने तो चालवला, तर त्याच्याकडे नावं स्वच्छ आली. म्हणजे खोट माझ्या कॉम्प्युटरात, असं धरून हे काढ, ते टाक, बंद करून पुन्हा सुरू कर, असं त्याने दिवस कलेपर्यंत माझ्याकडून करवून घेतलं. मागून त्याची आई जेवायला हाका मारत होती. मला ऐकू येत होत्या. तरी मी विचारत राहिले, ‘आता काय करू, दादा?’

शेवटी त्याने विचारलं, ‘नावाची फाईल उघडून पाह्यली होती ना तू?’

‘हो ना. पह्यलेच पाह्यली.’

कशाची पाहिली! फोन ठेवल्यावर उघडली. फाईलमध्येच प्रश्नचिन्हं होती. सेव्ह करताना मी चुकीचा प्रकार निवडला होता, त्यात मराठी अक्षरं टिकतच नाहीत. मूळ यादी पुन्हा नीट सेव्ह केली आणि पाच मिनिटांत सगळी नावं आली. लाजेने कान तापले. त्याला लिहिलं, ‘दादा, आपोआप झालं.’

नोकरी त्याला लागली नाही. कळलं तसा मी फोन केला.

‘तुह्यामुळं नाही पोरी, मनाले नको लावून घेऊ,’ तोच मला समजावू लागला. ‘तुहं एवढंसं काम मले दिवसभर जमलं नाही, तेच डोक्यात घेऊन गेलो. वाटलं, आपल्याले काही येतच नाही. पण ते आपोआप झालं कसं? मी अजून शोधून राह्यलो.’

तोंडाशी आलं होतं. देवाशप्पथ, आलं होतं.

‘काय मालूम, दादा,’ मी म्हणाले.